एका गाण्याचे आठ महिने

परवा माझं पहिलं गाणं रिलीज झालं. एक गळा, एक अकॉस्टिक गिटार, साडेतीन मिनिटं. त्याला आठ महिने लागले आणि बऱ्याच जणांनी विचारलं की एवढा वेळ गेला कशात, म्हणून लिहितेय.

निम्मा वेळ एका शब्दात गेला, खरंच. ध्रुवपदाची शेवटची ओळ आधी ‘घर झालं रितं’ अशी होती, वहीत वाचायला मला ती फार आवडायची. पण चालीतला सगळ्यात वरचा सूर नेमका ‘तं’वर येत होता आणि तिथं चार मात्रा थांबायचं होतं, ‘तं’वर चार मात्रा थांबून बघा, आवाज बाहेर पडतच नाही, घशातच अडकतो. चाल बदलून पाहिली तर सगळं गाणंच पडलं. मग एका रात्री शब्द सोडून नुसतं आ-आ करत गुणगुणत होते तेव्हा ‘घर राहिलं माझ्याविना’ असं तोंडात आलं, अक्षरं वाढली पण ती सुरुवातीच्या मोकळ्या मात्रांत बसली, आणि ‘ना’वर आवाज असा सुटला की मी गिटार खालीच ठेवली. अर्थही बदलला ना! आधी घर रिकामं होतं, आता घर आहे तिथंच आहे आणि मी त्यात नाहीये. मला हेच म्हणायचं होतं, फक्त ते कळायला गावं लागलं.

मग पट्टी. मी हे गाणं जी (G) मध्ये बांधलं होतं कारण हात तिथं आपोआप जातो, आणि रात्री घरात हळू आवाजात गायचे त्यामुळे खालचे सूर छान घुमायचे. पहिल्या ओपन माइकला, म्हणजे कुणीही येऊन गाऊ शकतं अशा कार्यक्रमाला, तेच खालचे सूर गिटारखाली बुडाले, अंतऱ्यातला एकही शब्द कुणाला कळला नाही. शेवटी कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकत्र दाबून धरणारा चिमटा, गिटारच्या दांड्यावर दुसऱ्या फ्रेटवर लावला, बोटं तीच, गाणं जरा वर, ए (A) मध्ये गेलं आणि शब्द वर आले. एवढंसं काम, पण ते सुचेपर्यंत चार कार्यक्रम गेले. माझं तर मत झालंय की गाणं लिहून झालं की आधी उभं राहून, पूर्ण आवाजात गाऊन बघावं आणि मगच पट्टी ठरवावी.

स्टेजवरचं अजून एक. एका ठिकाणी मधल्या ओळीत गिटार घूं करून ओरडायला लागली, साउंडवाल्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. स्पीकरचा आवाज गिटारच्या पोकळ पेटीत शिरतो, पेटी थरथरते, पिकअप (गिटारला लावलेला छोटा माइकसारखा भाग) ते उचलतो आणि परत स्पीकरला देतो, असं ते चक्र. आता साउंडहोलवर, म्हणजे पेटीच्या गोल भोकावर, रबराचं झाकण लावते आणि मॉनिटरपासून, म्हणजे स्टेजवर माझ्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरपासून, जरा तिरकी उभी राहते. आणि नव्या तारा कार्यक्रमाच्या दिवशी कधीच नाही, एक-दोन दिवस आधी, नाहीतर दर गाण्यात उतरतात.

रेकॉर्डिंग गळा आणि गिटार एकत्रच केलं. त्यात गिटारच्या माइकमध्ये गळाही येतो त्यामुळे नंतर एकच ओळ दुरुस्त करता येत नाही, संपूर्ण टेक चांगला लागतो. अकरा घेतले, तिसरा ठेवला. अकरावा जास्त स्वच्छ होता पण तिसऱ्यात ‘माझ्याविना’च्या आधी श्वास ऐकू येतो आणि तो मला हवा होता.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे पण टाळू नका. गाण्याचे म्हणजे शब्द-चालीचे हक्क वेगळे आणि त्या रेकॉर्डिंगचे वेगळे. मधला गिटारचा तुकडा मैत्रिणीनं सुचवलाय, तर कोणाचा किती वाटा ते आम्ही रिलीजच्या आधीच कागदावर लिहून दोघींनी सह्या केल्या, मैत्री आहे म्हणूनच केल्या. रेकॉर्डिंगला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड मिळतो, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, तो जपून ठेवा. स्पॉटिफायच्या प्लेलिस्टसाठी गाणं पाठवायचं तर रिलीजच्या निदान 7 दिवस आधी पाठवावं लागतं, मी महिनाभर आधी पाठवलं.

तिथं 30 सेकंद ऐकलं तरच एक स्ट्रीम मोजतात, म्हणून मला एकानं सुरुवातीचं गिटार कापायला सांगितलं होतं. वीस सेकंदांचं आहे ते. दोन दिवस विचार केला आणि नाही कापलं, कारण त्या वीस सेकंदांत ते घर आहे, ते दिसल्याशिवाय पहिली ओळ कुठून येणार? 2024 पासून वर्षभरात 1000 स्ट्रीम झाल्याशिवाय तिथून त्या गाण्याचे पैसेच सुरू होत नाहीत, हे माहीत असून घेतलेला निर्णय आहे, आणि मला तो आजही बरोबर वाटतो.

आता दुसरं गाणं घेतलंय, अंतऱ्यात अडलंय. वरच्या सुरावर ‘नदी’ आलीये, ‘दी’वर गळा आवळतोय, आणि नदी काही मला काढायची नाहीये.