सायकलवरून केलेली ती यात्रा कसली?

स्पेनहून आल्यापासून हा प्रश्न मला घरी-दारी सगळीकडे विचारला जातो. कामिनो म्हणजे स्पेनमधल्या सान्तियागोपर्यंतची ख्रिस्ती यात्रेची वाट. "कामिनोला लोक पायी जातात, तू तर सायकलवर गेलीस!" तुम्हीही विचारलंत म्हणून त्या वाटेवरचा एकच दिवस सांगते.

सकाळी लोग्रोन्यो सोडलं. मुक्काम सान्तो दोमिंगो दे ला काल्सादाला, साधारण 50 किलोमीटरवर. चालणाऱ्यांना याला दोन दिवस लागतात. नवार्रेते गाव ओलांडल्यावर दफनभूमी लागते. तिची कमान 12व्या शतकातल्या यात्रेकरूंच्या जुन्या रुग्णालयाची, तिथून उचलून इथे बसवलेली. तिच्याजवळ एक छोटा फलक आहे. 1986 साली याच वाटेवर सायकल चालवताना अपघातात गेलेल्या एका बेल्जियन यात्रेकरू बाईंच्या स्मरणार्थ तो लावलाय. हेल्मेट काढून मी तिथे बराच वेळ उभी होते. ती कसली यात्रा, असं त्यांच्याबद्दल कुणाला म्हणवेल?

पुढे मात्र द्राक्षंच द्राक्षं. हा रिओहा प्रांत. मी नाशिकची, मांडवाखाली खेळत वाढलेली, त्यामुळे नजर आधी वेलींवरच गेली. तिथल्या जुन्या बागांत ना मांडव, ना तारा. कमरेएवढं खुजं, पीळदार खोड, त्यावर मोजक्या फांद्या, आणि प्रत्येक वेल लाल मातीत आपल्या बळावर उभी. सप्टेंबर संपत आला होता. आपल्याकडे तेव्हा फळं धरण्यासाठीच्या गोडी छाटणीची लगबग, तिथे काढणी जोरात. तेंप्रानियो जातीच्या द्राक्षांचे काळेभोर घड माणसं वाकून कापत होती. ही जात इतरांच्या आधी पिकते, म्हणून स्पॅनिशमधल्या "तेंप्रानो", म्हणजे लवकर, या शब्दावरून तिचं हे नाव. घडांनी भरलेल्या ट्रॉल्या ट्रॅक्टरमागून जायच्या आणि रस्त्यावर गोड-आंबूस वास रेंगाळायचा. तो वास मला थेट घरी घेऊन गेला.

सान अंतोनच्या चढावर सायकल अडली. रात्रीच्या पावसाने चिकणमाती मडगार्डमध्ये गच्च बसली, चाक फिरेना. उतरले, काडीने माती उकरली, पुन्हा दहा पावलं ढकलली. मागून चालत येणाऱ्या एका आजोबांनी न विचारता कॅरियरला हात लावला. भाषा एकमेकांची कळत नव्हती. वर पोचल्यावर ते "बुएन कामिनो" म्हणाले, म्हणजे वाट सुखाची होवो. वारीत "माउली" म्हणतात ना, अगदी त्याच सुरात.

वाट संपते त्या सान्तियागोला यात्रेचं प्रमाणपत्र हवं असेल तर शेवटचं अंतर पायी किमान 100 किलोमीटर, सायकलवर 200. म्हणजे सायकलवाल्यांना तिथे यात्रेकरूच मानतात. पण माझं उत्तर त्या नियमात नाही, त्या चढावर आहे.

संध्याकाळी सान्तो दोमिंगोच्या समाधीपुढे बसले. 11व्या शतकातला हा संत. यात्रेकरूंसाठी त्याने रस्ता बांधला, नदीवर पूल घातला, रुग्णालय उभारलं. "काल्सादा" म्हणजे फरसबंद रस्ता. गावाला नाव त्यावरूनच. रस्ता बांधणं हीच ज्याची भक्ती, त्याच्यापुढे मला फार मोकळं वाटलं.

धर्मशाळेत सांगितलं, आधी चालणाऱ्यांना जागा, उरल्या खाटा सायकलवाल्यांना. मला ते पटलं. त्यांचे पाय दुखत होते. मी बाहेर पायरीवर बसले आणि अंधार पडेपर्यंत चाकातली लाल माती काढत राहिले.