तीन करड्या चित्रांतून रंगीत शनी

एकच शनी कधी फिकट पिवळा, कधी निळा-गुलाबी, कधी भडक हिरवा दिसतो. हे असं का, याचा छडा लावायचा म्हणून शनीचं रंगीत चित्र स्वतःच बनवायला घेतलं. कॅसिनी यान 2004 ते 2017 शनीभोवती फिरत होतं आणि त्याने टिपलेलं सगळं नासाने कुणालाही वापरता येईल असं खुलं ठेवलंय.

पहिली फाइल उघडली, शनी करडा. दुसरी आणि तिसरीही तशीच. कॅसिनीचे कॅमेरे रंग टिपतच नव्हते, किती प्रकाश आला एवढंच मोजत होते. सेन्सरसमोर फिरत्या चकत्यांवर फिल्टर बसवलेले. दूरचं बारीक टिपणाऱ्या कॅमेऱ्यात तर तब्बल 24. लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून काढलेली तीन चित्रं त्या त्या रंगाच्या चॅनलमध्ये टाकली की रंगीत चित्र तयार होतं.

जुळवणीत मात्र बराच वेळ गेला. तिन्ही चित्रं एकापाठोपाठ एक काढलेली असतात, तेवढ्यात यानही सरकतं आणि चंद्रही. ग्रहाची कडा नीट बसवली, तर शनीच्या वलयांजवळचा एक इवलासा चंद्र तीन ठिपक्यांत फुटला: लाल, हिरवा, निळा, एका ओळीत. त्याची चाल डोळ्यांसमोर होती! खूप वेळ मी नुसतं तेच बघत होतो. मग तिन्ही ठिपके वेगळे कापून एकावर एक ठेवले.

पुढचा प्रश्न उजळपणाचा. झटपट बघण्यासाठी ठेवलेल्या चित्रांत प्रत्येकाचा उजळपणा आपोआप ताणलेला असतो, त्यामुळे तिन्हींचं आपसातलं प्रमाण बिघडतं आणि रंगही. म्हणून संग्रहातली, कॅमेऱ्याच्या मोजमापानुसार दुरुस्त केलेली आवृत्ती घेतली. तेव्हा कुठे शनी दिसला तो दुधाळ, पिवळसर, अगदी सौम्य.

त्यानंतर लाल चित्राच्या जागी 889 नॅनोमीटरच्या अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या फिल्टरचं चित्र टाकलं. हा प्रकाश मिथेन वायू शोषून घेतो. खोलवरचे ढग त्यात काळवंडतात, उंचावरचं धुकं उजळ राहतं. रंग भडक झाले, पण आता कुठला ढग वर आणि कुठला खाली ते वाचता येत होतं. अशा चित्राला खोटं म्हणणं मला मुळीच पटत नाही. कोणते फिल्टर वापरले ते खाली लिहायलाच हवं, एवढीच अट.

ती ओळ गळाली की काय होतं ते नेपच्यूनवरून कळतं. व्हॉयेजर 2 या यानाने 1989 साली टिपलेली त्याची चित्रं, ढग ठळक दिसावेत म्हणून, गडद निळी केली होती. तसं तेव्हा सांगितलंही होतं. पुढे चित्र सगळीकडे पोचलं, खुलासा मागे राहिला. 2024 मध्ये ऑक्सफर्डच्या पॅट्रिक अर्विन आणि सहकाऱ्यांनी रंग पुन्हा बसवून दाखवले: नेपच्यून फिकट हिरवट-निळा, जवळजवळ युरेनससारखाच, किंचित जास्त निळा इतकंच. अजूनही पुस्तकांत तो गडद निळा छापला जातो याची मला मनापासून खंत वाटते.

सध्या टायटनवर, शनीच्या सर्वांत मोठ्या चंद्रावर, काम चालू आहे. डोळ्यांना दिसेल तसा ठेवला तर तो नारिंगी धुक्याचा नुसता गोळा. 938 नॅनोमीटरच्या फिल्टरमधून मात्र धुक्यापलीकडची जमीन दिसते, विषुववृत्तालगतच्या वाळूच्या टेकड्यांचे काळपट प्रदेशही. त्यामुळे त्याची दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवणार आहे, प्रत्येकाखाली फिल्टरच्या नोंदीसह.