उन्हाळ्यात दुचाकीचं इंजिन तापतंय? आधी ऑइल बघा

मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा ४२-४३ वर जातो. एअर-कूल्ड, म्हणजे वाऱ्यानंच गार होणारं इंजिन तेव्हा तापणारच. पण ओढ कमी झाली, टकटक आवाज आला की समजा, बिघाड आहे.

गाडी सपाटीवर मेन स्टँडला लावा. ३-४ मिनिटं चालू ठेवा, बंद करून २-३ मिनिटं थांबा, मग ऑइलची काडी पुसून बघा. बऱ्याच १००-१२५ सीसी गाड्यांत काडी आटे न फिरवता नुसती टेकवायची असते. पातळी काडीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये हवी. ऑइल वारंवार कमी होत असेल आणि सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत.

नंतर फिन्स, म्हणजे इंजिनावरच्या धातूच्या पातळ पट्ट्या. रानातली काळी माती तिथं वाळून विटेसारखी बसते, हवा लागत नाही. इंजिन गार झाल्यावरच ब्रशनं काढा. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतणं म्हणजे शुद्ध आडमुठेपणा. धातूला तडा जाऊ शकतो.

स्पार्क प्लगचं टोक पांढराफटक दिसलं तर पेट्रोल कमी, हवा जास्त. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर त्याचा जेट (पेट्रोलचं बारीक भोक) साफ करा, इनटेकचं, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या नळीचं रबर फाटलंय का तेही बघा.

आणि इंजिन बंद करून, गाडी न्यूट्रलला ठेवून मागचं चाक हातानं फिरवा. जड फिरलं तर बहुधा ब्रेक धरतोय. इंजिन बिचारं फुकट राबतंय.