कंडक्टर

रविवार, रात्री साडेअकरा

"तू म्हणजे ना, आमची कंडक्टर!" वहिनी म्हणाली. हातात अर्धा वडा, अर्धा तोंडात. ताई हसली. भाचीने लगेच "टिंग टिंग" करून दाखवलं. मीही हसले. मध्यंतर संपल्याची घंटा झाली होती, म्हणून मी "चला आत" म्हणाले, तर त्यावर तिघी आणखीनच हसल्या.

एवढंच झालं. रागाने म्हणाली नाही ती. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. पण घरी येऊन पाय धुतले, साडी घडी करून ठेवली, आणि तो शब्द अजून कानात आहे. कंडक्टर.

म्हणजे पैसे गोळा करणारी, पुढे सरका म्हणणारी, घंटी मारणारी. सगळे खिडकीतून बाहेर बघत असताना सुट्टे मोजणारी.

ठीक आहे. मग रविवारी नाटकाचा चारचा प्रयोग दादरला गाठायचा म्हणजे काय असतं, ते एकदा लिहूनच काढते. नाट्यगृहं म्हटली तर मुलुंडला कालिदास आहे, ठाण्याला गडकरी आहे, आमच्या डोंबिवलीत सावित्रीबाई फुले आहे. तरी आम्हाला शिवाजी मंदिरच लागतं. कारण नाटकाआधीचं आणि नाटकानंतरचं खाणं दादरचंच हवं. हे कंडक्टरने नाही ठरवलेलं, प्रवाशांनी ठरवलंय.

पहिली गोष्ट मेगाब्लॉक, म्हणजे रविवारी दुरुस्तीसाठी रेल्वे काही मार्ग बंद ठेवते तो. शनिवारी बघून ठेवायचा. माटुंगा-मुलुंड जलद मार्गावर असेल, तर सकाळी ११.०५ ते दुपारी ३.५५ ठरलेलं. त्या वेळात सीएसएमटीकडे जाणारी जलद गाडी मुलुंडला धीम्या मार्गावर वळवतात. मग ती भांडुप, विक्रोळी, घाटकोपर, कुर्ला, शीव अशी थांबत थांबत जाते आणि माटुंग्याला परत जलद मार्गावर येते. पंधरा मिनिटं उशीर हे रेल्वेच सांगते. माझ्या हिशेबात वीस, कारण गर्दीमुळे प्रत्येक स्टेशनात दारात अडकतं. डोंबिवली-दादर एरवी पन्नासेक मिनिटं, ब्लॉकच्या दिवशी सव्वा तास धरायचा. म्हणून साडेबाराची गाडी. "एवढ्या लवकर?" हा प्रश्न मला दर वेळी तिघींपैकी कुणीतरी विचारतं, आणि एकीनेही कधी ब्लॉक बघितलेला नसतो.

दुसरी गोष्ट जेवण. रविवारी दोन वाजता सेना भवनाच्या आसपास बसायला जागा मिळणं म्हणजे काय, ते दादरकर जाणतात. आस्वाद १९८६ पासून तिथे आहे. २०१५ साली त्यांची मिसळ लंडनच्या कुठल्याशा पुरस्कारात जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ ठरली, पण रांग त्याच्या आधीही होतीच. प्रकाशकडेही तेच. दारातल्या माणसाला नाव आणि माणसं सांगायची आणि तिथेच उभं राहायचं. समोर साड्या बघायला गेलं आणि तेवढ्यात नाव पुकारलं, तर नंबर पुढच्याचा. आज ताई गेलीच होती. मी दारात उभी होते म्हणून वाचलो. आणि "दोन-दोन बसाल का?" असं विचारलं तर ताबडतोब हो म्हणायचं. चौघांचं टेबल सुटायला एक अख्खं कुटुंब उठावं लागतं, दोन जागा मात्र कुठे ना कुठे सुटत असतात. वीस मिनिटं वाचतात. आज मी हो म्हणाले तर वहिनीचा चेहरा पडला. एकत्र बसायचं होतं तिला. मला नव्हतं का?

तिसरी गोष्ट ऑर्डर. हे तर मी कितीदा सांगितलंय. चौघींच्या चार गोष्टी एका दमात सांगायच्या नाहीत. थालीपीठ आधी. ते हाताने थापतात, मधे भोक पाडून तेल सोडतात, झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी खरपूस करतात, बारा-पंधरा मिनिटं जातातच. साबुदाणा वड्याचे घाणे रविवारी सतत निघत असतात, म्हणून तो थालीपीठ सांगून पाच-सात मिनिटांनी. मिसळ सगळ्यात शेवटी, कारण उसळ तयार, कट तयार, वरून फरसाण टाकलं की झालं. सगळं एकदम सांगितलं तर मिसळ आधी येऊन बसते, बाकीच्यांचं यायची वाट बघताना फरसाण रश्श्यात बसतं आणि मग "मिसळ पूर्वीसारखी राहिली नाही" हे ऐकावं लागतं. मिसळ तशीच आहे, तुम्ही ती पाच मिनिटं बघत बसलात.

साबुदाणा वडा आला की लगेच चावायचा नाही. बाहेरून कुरकुरीत, कडेचे साबुदाणे मोत्यासारखे फुललेले, हाताला गरम लागतो पण इतका नाही. आत मात्र बटाटा आणि साबुदाणा वाफ धरून बसलेले असतात. मधोमध मोडून बशीत दोन तुकडे उघडे ठेवायचे, वाफ निघून जाते, दाण्याचा कूट वास सोडतो, मग चटणी. भाचीने आज तसाच तोंडात घातला आणि पाण्याचा पेला एका दमात संपवला. मी सांगणार होते. सांगितलं असतं तर तेही कंडक्टरगिरीतच धरलं असतं. पियुष शेवटी. श्रीखंड आणि ताकाचं ते, जायफळ घातलेलं. आधी प्यायलं की भूक मरते. हे मात्र ऐकतात, कारण पियुष सगळ्यांनाच शेवटी हवं असतं.

तिकिटांचं तर बोलायलाच नको. पाचशेपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नसतो, पण ऑनलाइन काढलं की दर तिकिटामागे त्यांचा वेगळा आकार, आणि त्या आकारावर १८ टक्के. खिडकीवर गेलं तर ते काहीच नाही, शिवाय समोर प्लॅन दिसतो. पहिल्या तीन रांगा नकोत, मान वर करून बसावं लागतं आणि नटांपेक्षा त्यांच्या चपला जास्त दिसतात. भिंतीकडच्या खुर्च्या तर नकोतच. दिवाणखान्याचा सेट असला की तुमच्या बाजूचं दार आणि तिथून येणारं-जाणारं माणूस दिसत नाही, आणि नाटकातला निम्मा मजकूर त्या दारातूनच येतो. अगदी मागे, बाल्कनीच्या छताखाली, आवाज दबतो. बाल्कनीत पहिल्या रांगेला कठडा आडवा येतो, दुसरी बरी. म्हणजे खाली सहावी ते दहावी रांग, मधला भाग, आणि ताईच्या गुडघ्यासाठी एक खुर्ची वाटेच्या कडेची. हे जमवायला तिकीट विक्री उघडते त्या दिवशीच जावं लागतं.

पूर्वी पाच काढायचे. त्यातलं एक दादाचं, तेही कडेचं, कारण तो तिसऱ्या घंटेनंतरच यायचा आणि अख्ख्या रांगेच्या पायांवरून जायला नको म्हणून. जाऊ दे.

घंटा. पहिली झाली की वॉशरूम, दुसरी झाली की खुर्ची, तिसरीला मोबाइल बंद. जुहूच्या पृथ्वी थिएटरला तिसऱ्या घंटेनंतर आत सोडतच नाहीत, कुणीही असा. आमच्याकडे सोडतात. अंधारात टॉर्च नाचतो, "जी बारा, जी बारा" अशी कुजबुज, आणि रंगमंचावर नेमकी कुणीतरी पहिली महत्त्वाची ओळ म्हणून गेलेलं असतं. मला हे सहन होत नाही. नसेल होत. प्रत्येकाचं काही ना काही असतं.

मध्यंतर म्हणायला दहा-पंधरा मिनिटं. बायकांच्या वॉशरूमची रांग आणि वड्याची रांग एकदमच लागते. दोघींनी इकडे, दोघींनी तिकडे, मग अदलाबदल. पडदा पडायला लागला की कडेच्या खुर्चीवालीने उठायचं, दिवे लागेपर्यंत ती दारात पोचलेली असते. कॅन्टीनवाल्यांना अंक कधी संपतो ते बरोबर ठाऊक असतं, त्या बेताने घाणा काढतात, त्यामुळे पहिल्या वीस-पंचवीस जणांना कढईतला वडा मिळतो आणि नंतरच्यांना परातीतला. आज आम्हाला कढईतला मिळाला. कागदातून तेल बोटांना लागत होतं, मिरचीचा तुकडा नेमका माझ्याच घासात आला, आणि तेव्हाच वहिनी म्हणाली. तो वडा कुणामुळे गरम होता?

असो, असं म्हणतेय खरी.

नाटक पावणेसातला सुटलं. मासे खायचे होते. दादरच्या बऱ्याच मालवणी खानावळी दुपारी साडेतीनच्या सुमाराला बंद होतात आणि सातला परत उघडतात, म्हणजे मधली पंधरा मिनिटं शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर. तेही माझ्या हिशेबात होतं. पण कट्ट्यावर बसल्यावर भाचीला एसी हवंसं झालं आणि आम्ही एका चकचकीत ठिकाणी गेलो. नाव लिहीत नाही. बसल्या बसल्या सीलबंद पाण्याच्या दोन बाटल्या आल्या, "साधं पाणी द्या" म्हणून मी त्या परत केल्या. ताईने कपाळाला हात लावला.

बिल आलं. खाण्याचे १,६४० रुपये. खाली सर्व्हिस चार्ज दहा टक्के, १६४. त्या दोन्हींच्या बेरजेवर जीएसटी पाच टक्के, म्हणजे न द्यायच्या पैशांवरही कर. एकूण १,८९४ रुपये २० पैसे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. जीएसटी द्यायलाच लागतो, तो सरकारचा. सर्व्हिस चार्ज हॉटेलचा, त्याला नाही म्हणता येतं. वाद घालायचा नाही, आवाज चढवायचा नाही. मॅनेजरला बोलवायचं, "हा काढून नवीन बिल द्या" एवढंच म्हणायचं. ऐकलं नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. बहुतेक वेळा नंबर उच्चारायचीही गरज पडत नाही. आजही नाही पडली. नवीन बिल १,७२२. वेटर पोरगा चांगला होता, त्याच्या हातात शंभर रुपये वेगळे दिले.

१७२ रुपये २० पैसे वाचले. पण नवीन बिल येईपर्यंतची सात मिनिटं भाची मोबाइलमध्ये तोंड घालून बसली होती, ताई बडीशेप मोजत होती आणि वहिनी हळूच म्हणाली, "सोड ना." कंडक्टरचा सुट्ट्या पैशांवरून वाद चाललेला असतो, तेव्हा बसमधले लोक असेच बाहेर बघतात.

परतीला दादरला वहिनी नेहमीच्या सवयीने "एक नंबरवर चल" म्हणाली. डिसेंबर २०२३ मध्ये दादरचे प्लॅटफॉर्म सलग मोजायला लागले, पश्चिमचे एक ते सात, आपले मध्यचे आठ ते चौदा. जुना एक आता आठ. तिचं माहेर दादरचं, तिला हे पटवणं अवघड आहे. सगळ्या पाट्या तिच्या विरोधात असल्या तरी ती एकच म्हणणार. मी काही न बोलता पुढे चालत राहिले आणि मागून तिघी आल्या. गाडीत तिघींना बसायला मिळालं. मी दाराजवळच्या दांड्याला धरून ठाण्यापर्यंत उभी. आता यावर काय लिहू? भाचीने लांबून परत टिंग टिंग केलं. या वेळी मात्र खरंच हसू आलं.

आणि एक गोष्ट लिहायची टाळतेय. दुसऱ्या अंकातली शेवटची वीस मिनिटं मला धड आठवत नाहीत. पडदा कधी पडेल, सात वाजायला किती उरतील, स्वयंपाकघर उघडलं असेल की नाही, हे चालू होतं डोक्यात. गाडीत ताई त्या शेवटच्या प्रसंगाबद्दल बोलत होती, डोळे पुसत होती, आणि मी नुसती मान डोलावत होते. म्हणजे बस बरोबर वेळेवर पोचली, पण रस्त्यात काय काय लागलं ते कंडक्टरला विचारू नका.

सोमवार, सकाळ

वहिनीचा मेसेज. पुढच्या महिन्यातल्या रविवारची तिकिटं तिने रात्रीच मोबाइलवरून काढून टाकली. "या वेळी तू आराम कर." पुढे दोन हसरे चेहरे. चार तिकिटं. तिसरी रांग, अगदी भिंतीकडच्या. आकार आणि त्यावरचा कर धरून.

मी "मस्त" असं लिहून पाठवलं. ताईच्या गुडघ्याबद्दल काही लिहिलं नाही, सेटमधल्या दाराबद्दलही नाही. मेगाब्लॉकचं शनिवारीच कळेल.