नाव काढलं, बाई राहिल्या

सर्वेक्षणाचा डेटा साफ करणं हे माझं काम. गावोगावच्या मुली टॅबवर मुलाखती भरतात, मी पुण्यात बसून त्या तपासते. ४० मिनिटांची मुलाखत १२ मिनिटांत उरकलेली दिसली की लगेच फोन करते. या वेळचा विषय होता, घरातल्या बाईचा मोबाइल कोणकोण बघतं.

फाइल पाठवायच्या दिवशी मराठवाड्यातली आमची एक प्रगणक प्रवासखर्चाची बिलं द्यायला आली होती. स्क्रीनवरची एक ओळ बघून ती थबकली. "मॅडम, ह्या तर आमच्या त्या बाई!" नाव नव्हतं, नंबर नव्हता. पण गावाचं नाव होतं, वय होतं, 'विधवा' होतं, 'एम. ए., बी. एड.' होतं. त्या गावात अशी बाई एकच. पुढच्या रकान्यात: फोन कोण तपासतं? दीर, रोज रात्री. तुम्ही काय करता? मेसेज पुसते, एक नंबर मैत्रिणीच्या नावानं ठेवलाय.

दीर ओसरीवर होता म्हणून बाईंनी तिला गोठ्यामागे नेलं होतं. "कुणाला कळणार नाही ना?" असं दोनदा विचारलं. तिनं संमतीपत्रातलं वाक्य वाचून दाखवलं. ते वाक्य मी लिहिलेलं आहे.

मग लपवलेले रकाने उघडले. अक्षांश-रेखांश तसेच, दशांशचिन्हापुढे सहा आकडे. पाचव्या आकड्यालाच जागा मीटरभरावर येते. नकाशावर टाकलं तर पत्र्याचं छप्पर दिसलं, मागे गोठा. डीएचएससारखी (अनेक देशांत होणारी लोकसंख्या व आरोग्य पाहणी) मोठी आरोग्य सर्वेक्षणं ग्रामीण वस्तीचा बिंदू मुद्दाम काही किलोमीटरपर्यंत सरकवून मगच डेटा देतात. आम्ही रकाना नुसता झाकला होता.

साहेब म्हणाले, नावं काढलीत ना? शिवाय वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३च्या कायद्यात संशोधनाला सूट आहे. सूट आहे, पण ठरवून दिलेली मानकं पाळली तरच. ते कलम सगळे अर्धंच वाचतात. मी त्यांना डेटाच्या गोपनीयतेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या लतान्या स्वीनींचं काम दाखवलं: १९९०च्या जनगणनेवरून त्यांनी काढलं होतं की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावर अमेरिकेतली ८७ टक्के माणसं बहुधा ओळखू येतील. साहेबांनी मान हलवली आणि मुदत विचारली.

रात्री बसून गावाऐवजी जिल्हा केला, वयाचे गट पाडले, बिंदू पुसले. तरी ती ओळ उठून दिसत होती. पूर्ण काढून टाकावी असं वाटलं, पण मग गोठ्यामागे उभं राहून त्यांनी जे सांगितलं ते कुणापर्यंतच पोचलं नसतं. शिक्षण आणि वैवाहिक स्थिती कोरी ठेवून ओळ राहू दिली.

नंतर कळलं, कच्ची फाइल आठवड्यापूर्वीच गेली होती, बिंदूंसकट. पुसून टाका म्हणून मेल केला, एका शब्दाचं उत्तर आलं: 'डिलीटेड'.

बाईंना कळवायला हवं, असं प्रगणक म्हणते. बरोबर आहे तिचं. पण आमच्याकडे त्यांचा एकच नंबर आहे, आणि तो फोन रोज रात्री दीर तपासतो.