तुम्ही विचारलंत म्हणून: सहाव्या होलचा बंकर

"कप हरलात म्हणूनच तो बंकर बुजवलात ना?"

गेल्या दहा वर्षांत आपल्या गोल्फ क्लबाच्या सहाव्या होलवरच्या त्या वाळूच्या खड्ड्याबद्दल हे मला किती जणांनी विचारलं, त्याची मोजदाद मी केव्हाच सोडली. चहाच्या टेबलावर विचारतात, पार्किंगमध्ये विचारतात, एकदा तर एका लग्नात हातात अक्षता असताना विचारलं. त्याच मंडळींचा दुसरा प्रश्न असा, की येता-जाता तुम्ही ग्रेट पार-फोर, ग्रेट पार-फोर करत असता, तर पार-फोर, म्हणजे चार फटक्यांत पुरा करायचा होल, ग्रेट होतो कशाने ते तरी एकदा सांगा. विचारणाऱ्यांना हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. मला तसं वाटत नाही, म्हणून मी दोन्ही टाळत आलो.

आज पहिल्याचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही. म्हणजे, तुम्ही समजता तसं नाही.

सहावा होल तुम्हाला पाठ आहे, पण जे नंतर आलात त्यांनी तो पूर्वीचा पाहिलेला नाही. तेव्हा तो ३१२ यार्डांचा होता. डावीकडे आतासारखाच नाला आणि बाभळी, उजवीकडे मोकळं रान. ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, पुढे उजव्या अंगाला तो उंचवटा. आणि टीपासून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपासून, साधारण २१० यार्डांवर, फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या वाटेच्या, अगदी मधोमध, कमरेएवढा खोल एक खड्डा, त्यात नदीची खडेमिश्रित वाळू. बंकर आणि नाला यांच्यामध्ये वीसेक पावलांची पट्टी. त्या पट्टीत बॉल ठेवला की ग्रीन समोर उघडं. उजवीकडे जागाच जागा, पण तिथून दुसरा शॉट उंचवट्यावरून, आंधळा. नाहीतर बंकरच्या अलीकडे थांबायचं आणि दीडशे यार्डांवरून ग्रीन गाठायचं.

टीवर उभं राहिलं की माझी बॅग उचलणारे कॅडी, अण्णा, विचारायचे, "साहेब, डावीकडनं का उजवीकडनं?" बाकी कुठल्याही टीवर ते काही विचारत नसत. अण्णांना मी इथे ऋषिमुनी करणार नाही. पटची, म्हणजे ग्रीनवर बॉल घरंगळवत मारायच्या फटक्याची, लाइन ते निम्म्या वेळा चुकीची सांगायचे आणि तुमचा हरवलेला बॉल पुढच्या आठवड्यात तुम्हालाच विकायचे. पण सहाव्यावर विचारायचे, हे खरं.

आता कप हरलो तो दिवस. २०१३, फेब्रुवारी. कोर्स आपला नऊ होलचा, त्यामुळे सहावा दुसऱ्या फेरीत पंधरावा होऊन पुन्हा समोर येतो. चौदा होल झाले तेव्हा मी तीन शॉट पुढे होतो. सोळा हँडिकॅपचा, म्हणजे बेताचं खेळणारा माणूस, आयुष्यात एकही कप घरी नेलेला नाही, आणि तीन शॉट पुढे. अण्णांनी नेहमीप्रमाणे विचारलं. मी म्हणालो, सरळ. ते म्हणाले, सरळ तर बंकर हाय. मी म्हणालो, माझा दोनशेदहा जातोय कुठे?

त्या दिवशी गेला. कोरडी जमीन, पाठीवर वारा, आणि आयुष्यातला सगळ्यात गोड बसलेला ड्राइव्ह. बॉल पडला, दोन टप्पे घेतले आणि सरपटत, अगदी शिस्तीत, खड्ड्यात उतरला. मागे कोणीतरी टाळी वाजवली होती ती अर्ध्यात थांबली. जाऊन पाहतो तर बॉल पुढच्या भिंतीच्या बुडाशी, निम्मा वाळूत.

पहिला फटका भिंतीला लागून परत पायाशी. दुसराही तसाच. अण्णा म्हणाले, "मागं काढा साहेब." मी ऐकलं नाही. मागे काढायचा म्हणजे टीच्या दिशेने, सगळ्यांच्या देखत उलटं. तिसऱ्या फटक्याने बॉल भिंतीला लागून माझ्याच पावलाच्या खळग्यात बसला. तेव्हा कुठे मी वळलो आणि मागे काढला. पाच. सहावा ग्रीनच्या अलीकडे, सातवा ग्रीनवर, दोन पट. नऊ. समोरच्याने चार केले. तीन शॉट पुढे होतो तो दोन शॉट मागे गेलो, उरलेल्या तीन होलमध्ये एक परत मिळवला आणि कप एका शॉटने गेला. घरी जाताना गाडीत मी वाळू झाडत होतो. बुटांतली, खिशांतली, भुवयांतलीसुद्धा.

पुढच्या वर्षी मी कोर्स कमिटीचा प्रमुख झालो आणि पहिल्याच बैठकीत ठराव मांडला. तुम्हाला वाटतं हा सूड. पण मी काय मांडलं ते ऐका, कारण त्यात तथ्य आहे, आजही आहे. मी म्हणालो, खेळाडूने सरळ, लांब, फेअरवेच्या मध्यभागी मारलं तर त्याला शिक्षा होता कामा नये. शिक्षा वाकड्या शॉटला व्हावी. यात गैर काय आहे? सात हात वर झाले, दोन विरोधात. विरोधातला एक हात आपल्या मॅडमचा. त्यांचा ड्राइव्ह कधी दीडशेच्या पुढे गेला नाही, बंकरशी त्यांचा संबंध यायचा तो दुसऱ्या शॉटला. त्या एवढंच म्हणाल्या, "त्या एका होलवर तुम्हालाही माझ्यासारखं थांबून बघावं लागतं, तेवढं राहू दे की." लोक हसले. मीही हसलो.

मुरुमाचे डंपर आले, वर काळी माती, त्यावर हरळी. टी मागे सरकवली, ३१२ चे ३४४ यार्ड झाले. उजवीकडे अशोकाची रांग लावली, म्हणजे वाकड्या शॉटला शिक्षा. मी त्याला आधुनिकीकरण म्हणत होतो. दोन महिन्यांनी गवत धरलं आणि पहिल्या रविवारी मी टीवर गेलो. अण्णांनी काही न बोलता ड्रायव्हर, ती लांब मारायची स्टिक, काढून हातात दिला. मी म्हणालो, विचारा की, डावीकडनं का उजवीकडनं. ते म्हणाले, "आता काय विचारायचं?"

मला लागलं, पण इतकंही नाही. त्या होलवर मी चार, म्हणजे पार केला होता.

काय गेलं ते जाणवायला वर्षं गेली. पूर्वी खेळून आल्यावर चहाला सहाव्याची गोष्ट निघायचीच. कोण पट्टीत घुसला, कोण भ्यायला, कोणी पाच नंबरच्या स्टिकने अलीकडे ठेवून वर बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक कमी, मारली. आता सहाव्याबद्दल कोणी बोलत नाही. वाईटही बोलत नाही. ड्रायव्हर, नऊ नंबर, दोन पट, पुढे चला.

२०१८ मध्ये मुलगी एडिंबराला होती म्हणून आम्ही तिकडे गेलो. सेंट अँड्र्यूजला, म्हणजे गोल्फच्या पंढरीला, रेल्वे जात नाही, ती १९६९ मध्येच बंद झाली. ल्यूकर्सला उतरून बसने जावं लागतं. मुलीला सवड रविवारीच, आणि रविवारी तिथला ओल्ड कोर्स खेळासाठी बंद. मी जाताना कुरकुरत होतो. पण बंद म्हणजे लोकांना फिरायला मोकळा. फेअरवेवर बाबागाड्या, कुत्री, आइसक्रीम खाणारी पोरं. मी स्टिक न घेता गेलो म्हणूनच मला तो कोर्स दिसला असं आता वाटतं. हातात स्टिक असती तर माझा स्वतःचा बॉलच दिसला असता.

सतरावा, तो रोड होल, बघायला सगळेच जातात. मीही गेलो. त्या ग्रीनला चिकटलेल्या खोल बंकरसमोर बराच वेळ उभा राहिलो. १९७८ च्या ओपन स्पर्धेत जपानचा टॉमी नाकाजिमा चुरशीत होता, दोन शॉटमध्ये ग्रीनवर आला होता, आणि त्याचा पट घरंगळत त्या बंकरमध्ये गेला. बाहेर यायला चार शॉट. एकूण नऊ. माझा आकडा. २००० मध्ये डेव्हिड डुव्हाललाही तिथून निघायला चार लागले. तिथे कोणी ठराव मांडला नाही. लोकांनी त्या वाळूला नाकाजिमाचं नाव दिलं आणि खेळत राहिले. पुढे २०२२ मध्ये टीव्हीवर बघत होतो, तर कॅमरन स्मिथच्या आणि झेंड्याच्या मधोमध तोच बंकर. त्याने पटर काढला, बॉलला बंकरभोवती वळसा घालायला लावला, पार वाचवला आणि ओपन जिंकला. एका शॉटने.

पण त्या रविवारी माझा पाय अडकला तो आदल्या होलवर, सोळाव्यावर. फेअरवेच्या मधोमध तीन बंकरांचा पुंजका, त्याला प्रिन्सिपल्स नोज म्हणतात. उजवीकडे जुन्या रेल्वेच्या बाजूची हद्द, त्यापलीकडे आउट ऑफ बाउंड्स. नाक आणि हद्द यांच्यामधली अरुंद पट्टी धरली तर ग्रीनकडे जायची वाट सोपी. डावीकडे भरपूर जागा, पण तिथून ग्रीनच्या तोंडचा बंकर आडवा येतो. मी टीवर उभा राहून हे बघितलं आणि मुलीला म्हणालो, हा आपला सहावा आहे, फक्त आरशात. ती म्हणाली, बाबा, तो तर तुम्ही बुजवला ना?

आपला बंकर कोणी खणला याची क्लबात नोंद नाही. खणणाऱ्याने सोळावा पाहिला असावा असं मला त्या दिवशी वाटलं. पुरावा काही नाही.

तर, दुसरा प्रश्न. पार-थ्रीला सगळे एकाच जागेवरून मारतात. पार-फाइव्हला चूक केली तर दुरुस्तीला एक शॉट हातात असतो. पार-फोरला दोनच, आणि पहिला कुठे ठेवायचा ते दुसऱ्याकडे बघून ठरवावं लागतं. ज्या होलवर फेअरवेचा मध्य ही सगळ्यात चांगली जागा नसते, धोक्याच्या जवळ जाणाऱ्याला पुढे काहीतरी मिळतं, आणि जो जात नाही त्यालाही जगता येतं, तो ग्रेट. लांबीचा यात काही संबंध नाही. लॉस एंजेलिसजवळ रिव्हिएरा क्लबाचा दहावा होल जेमतेम ३१५ यार्डांचा आहे. जॉर्ज थॉमसने आखला तेव्हापासून शंभरेक वर्षं जगातले उत्तम खेळाडू तिथे ड्रायव्हर घ्यावा की नको यावर घोटाळतात. मी आपल्या सहाव्याला बत्तीस यार्ड वाढवून काय मिळवलं? नऊ नंबर. धबधबे आणि कारंजी लावून ‘सिग्नेचर होल’ म्हणून विकतात त्यांच्याबद्दल मी बोलतच नाही.

एवढं लिहून थांबलो असतो तर बरं होतं. पण २०१४ चा मी अजून आत बसलेला आहे आणि तो गप्प बसत नाही. तो विचारतो, मग अमेरिकेतल्या मेरियन क्लबाच्या अठराव्या होलचं काय? १९५० च्या यूएस ओपनमध्ये बेन होगनने तिथे वन आयर्न, ती लांब पल्ल्याची स्टिक, मारला, तो फोटो तुझ्या बैठकीत लावलेला आहे. मोटार अपघातात जबर जखमी होऊन सोळा महिन्यांनी आलेला माणूस, शेवटचा होल, साडेचारशे यार्डांच्या वर. त्यात कसली आलीय निवड? लांब मार, मग पुन्हा लांब मार. डावं-उजवं काही नाही. त्याने पार करून बरोबरी साधली आणि दुसऱ्या दिवशी प्लेऑफ जिंकला. तो होल ग्रेट नाही म्हणायची तुझी हिंमत आहे? नाही. आणि स्कॉटलंडमधल्या रॉयल डॉर्नोकचा चौदावा, ज्याला फॉक्सी म्हणतात? ४४५ यार्ड, आणि एकही बंकर नाही. तिथे काय बुजवणार होतास?

याला माझ्याकडे उत्तर नाही. फॉक्सीला जमिनीचीच वळणं आणि उंचावरचं ग्रीन ते काम करतं, असं म्हणून सुटता येईल. मेरियनपाशी मात्र अडकतो. कदाचित सरळ शॉटला बक्षीस देणारा होलही ग्रेट असू शकतो, फक्त आपला सहावा तसा नव्हता आणि मी त्याला जबरदस्तीने तसा केला. कदाचित.

आता पुन्हा पहिला प्रश्न. तो ठराव माझ्याकडे अजून आहे, काल काढून वाचला. दोन पानांत ‘सरळ शॉट’ हे शब्द सात वेळा आलेत. नऊ हा आकडा एकदाही नाही. लिहिताना माझ्या मनात नऊ नव्हता असं मी शपथेवर सांगू शकतो का? सांगू शकतो. ती शपथ खरी असेल का, ते वेगळं. एक मात्र मान्य: त्या दिवशी चूक बंकरची नव्हती. अण्णांनी विचारलं होतं. पहिल्या फटक्यानंतर मागे काढला असता तर सात झाले असते, आणि कप एका शॉटने माझा होता. हे मी मोजलेलं आहे. अनेकदा.

सध्याच्या कमिटीने तो पुन्हा खणायचं ठरवलंय आणि सूचक म्हणून सही मागायला ते माझ्याकडे आले होते. मी केली नाही. तुम्ही म्हणाल अहंकार. थोडा असेल. पण खालचा निचरा मुरुमाने पार बसलाय, खर्च मोठा आहे, आणि ज्यांनी तो पाहिलाच नाही त्या पोरांना मधोमध खड्डा हवा आहे का, हे कोणी विचारलेलं नाही. मॅडमचे गुडघे गेले, त्या येत नाहीत. अण्णा गावी असतात. कागद टेबलावर पडलाय. पेनही शेजारीच आहे.

बुजवलेली जागा मात्र खचली आहे. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं, बशीएवढं नाही, चांगलं परातीएवढं. गेल्या जुलैत माझा ड्राइव्ह बरोबर तिथे गेला. आता तो पुन्हा १९५ वर आलाय, पण पावसात पुढची टी ठेवतात. बरोबरचा कॅडी पोरगा खूश झाला, "सर, फ्री ड्रॉप!" बरोबर होतं त्याचं. साचलेल्या पाण्यातून फुकट सुटका मिळते, पण बाजू आपल्याला निवडता येत नाही. सगळ्यात जवळची जागा जिकडे, तिकडेच जायचं. मोजलं तर ती उजवीकडे निघाली. गुडघ्याच्या उंचीवरून बॉल सोडला. समोर उंचवटा, झेंड्याचं नुसतं टोक दिसत होतं.

पाच. बोगी.