तुम्ही विचारलंत म्हणून: मागचे स्पीकर

‘पुढचे स्पीकर एका कंपनीचे आहेत, मागचे दुसऱ्या कंपनीचे लावले तर चालतील का?’ हा प्रश्न मला सोसायटीच्या जिन्यात विचारतात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत, मठ्ठा वाढता वाढता विचारला. आमच्या घरी होम थिएटर आहे आणि ते मी, म्हणजे घरातल्या बाईने, जोडलंय हे कळलं की लोकांचा आधी विश्वास बसत नाही आणि मग शंका संपत नाहीत.

तर, चालतील. मधला, म्हणजे टीव्हीजवळचा, मात्र पुढच्या डाव्या-उजव्या दोघांचा सख्खा भाऊ हवा.

दुकानात याला ‘टिंबर मॅचिंग’ म्हणतात. ते ऐकलं की मला भवानी पेठेतलं टिंबर मार्केट आठवतं. गाणं शिकवणारे ‘आवाजाची जात’ म्हणतात, तो शब्द जास्त नेमका. एकच सा हार्मोनियमचा वेगळा आणि सारंगीचा वेगळा, तसंच स्पीकरचं. एकाचा ट्वीटर, म्हणजे वरचे सूर काढणारा भाग, रेशमी कापडाचा, दुसऱ्याचा ॲल्युमिनियमचा. एकाचं खोकं बादलीएवढं, दुसऱ्याचं डब्याएवढं. चित्रपटातले बहुतेक संवाद मधल्यातून येतात आणि पडद्यावर काहीही आडवं गेलं की ते त्याच्यावरून जातं. तो वेगळ्या जातीचा असला तर डावीकडून निघालेली बस मध्यावर रिक्षा होते आणि उजवीकडे पोचून पुन्हा बस. हे कान लगेच पकडतो, कारण तिघंही डोळ्यांसमोर एका रांगेत असतात.

बाजूच्या दोघांकडून, म्हणजे तुम्ही ज्यांना मागचे म्हणता त्यांच्याकडून, चित्रपटात बरंचसं पाऊस, गर्दी, पार्श्वसंगीत असलंच येतं. डॉल्बी प्रो लॉजिक, म्हणजे चौफेर आवाजाचं तंत्र, 1987 मध्ये घरात आलं तेव्हा तर तिथे एकच चॅनल असायचा, तोच दोन्हीकडे वाजायचा, आणि 7,000 हर्ट्झच्या वरचं काही त्यात नसायचं. चिमुकले स्पीकर पुरत होते ते त्यामुळे. पुढे डिजिटलमध्ये दोन्ही बाजू स्वतंत्र झाल्या, वरचे सूरही आले, आणि ‘पाचही सारखेच हवेत’ हा आग्रह सुरू झाला. आग्रह चुकीचा नाही. घर लहान असलं की महागात पडतो, एवढंच.

मला पडला. आमच्याकडे पुढे चांगले तीन होते आणि मागे एका जुन्या संचातले दोन उरलेले. पावसाचा प्रसंग आला की पुढे कोकणातला पाऊस आणि मागे पत्र्यावरचा. मी ठरवून टाकलं, जात जुळत नाही. सहा महिने पैसे साठवून पुढच्यांच्याच मालिकेतले दोन आणले, त्याच खिळ्यांवर टांगले, आणि पाऊस पत्र्यावरच पडत राहिला.

मग डोकं चाललं. सगळा घोटाळा ‘मागचे’ या शब्दात होता. मागचे म्हणून मी ते मागच्या भिंतीच्या दोन कोपऱ्यांत, छताला चिकटवून, टीव्हीकडे तोंड करून लावले होते. एक तर निम्मा कापडी पडद्याआड. पाच स्पीकरच्या मांडणीत ते खरं तर बाजूचे असतात. टीव्हीकडे तोंड करून बसलं की समोर शून्य अंश. तिथून 100 ते 120 अंशांवर, म्हणजे कानाच्या रेषेच्या जरासे मागे, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. उंची कानाएवढी, फार तर फूट-दोन फूट वर. आणि आमचा सोफा भिंतीला टेकलेला! कानाच्या रेषेमागे जागा होतीच कुठे?

सोफा दीड फूट पुढे ओढला. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, पाहुणे मागून जाणार आहेत का?’ पण सोफा राहिला तिथेच.

त्यानंतर टेप घेऊन अंतरं मोजली आणि रिसीव्हरमध्ये, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या यंत्रात, भरली: पुढचे दहा फुटांवर, बाजूचे चार. आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो, म्हणजे बाजूचा आवाज पाचेक मिलिसेकंद आधी पोचत होता. मग पातळी. रिसीव्हरमधला चाचणीचा फसफसाट एकेका स्पीकरवर लावायचा आणि फोनवरच्या मीटरने पाचही सारखे करायचे. सारख्याच ताकदीवर एक स्पीकर 90 डेसिबलचा आवाज देत असला आणि दुसरा 84 चा, तर दुसऱ्याला तेवढ्याच आवाजासाठी चौपट ताकद लागते. बहुतेक ‘जुळत नाही’च्या तक्रारी खरं म्हणजे एवढ्याच असतात. (वॅट जुळायला हवेत का, असंही विचारता. नकोत. ओहम, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो तो आकडा, मात्र स्पीकरच्या पाठीवर वाचा; रिसीव्हर 6 ते 8 सांगत असेल तर 4 चा जोडू नका.) शेवटी रिसीव्हरमध्ये बाजूच्यांना ‘स्मॉल’ करून 100 हर्ट्झच्या खालचं सगळं सबवूफरकडे, म्हणजे फक्त खर्ज वाजवणाऱ्या खोक्याकडे, धाडलं. छोट्या-मोठ्या खोक्यांतला बराच फरक तिथेच मिटतो.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. फसफसाट ऐकताना पुढचा आणि बाजूचा वेगळाच वाटणार, अगदी जुळे स्पीकर असले तरी. कानाची पाळी समोरून आलेला आवाज एक प्रकारे घडवते, बाजूने आलेला दुसऱ्या. म्हणून न्याय करायचा तर प्रत्येक स्पीकरकडे तोंड वळवून ऐका. मी असं ऐकत गोल गोल फिरत होते तेव्हा नवऱ्याने चहा टेबलावर ठेवला आणि काही न विचारता निघून गेला.

सगळं लावून झाल्यावर मी खुन्नस म्हणून जुने दोन परत जोडून पाहिले, नव्या जागेवर, नव्या आकड्यांनिशी. पाऊस नीट पडला. नव्यांवर थोडा जास्त नीट, पण सहा महिन्यांच्या बचतीएवढा नाही. मैफलीच्या सराउंड मुद्रणात, जिथे वाद्यंच बाजूंना बसवलेली असतात, तिथे मात्र जुन्यांचा सूर उघडा पडतो. तुम्ही तसलं ऐकत असाल किंवा बाजूने येणाऱ्या पावलांवर गेममधला जीव अवलंबून असेल, तर एकाच मालिकेतले घ्या.

जुने दोन आता भाच्याकडे आहेत, बाजूलाच लावलेत. आमच्या सोफ्यामागच्या दीड फुटात सासूबाई रद्दी ठेवतात. आवाजाला ती थोडी मदतच करत असावी, पण हे मी त्यांना सांगितलेलं नाही, नाहीतर रद्दीवाल्याला कधीच बोलावू देणार नाहीत.